मौजे बेथ-अनूव कसे सापडले

गावाला किंमत यायची तर ते आधी ओसाड पडावे लागते, हे तत्त्व आता जगात सर्वमान्य झाले आहे. वसलेल्या गावाच्या तक्रारी फार. त्याला पाणी लागते, रस्ता लागतो, दवाखाना लागतो, आणि एवढे देऊन ते कृतज्ञ राहील याचा भरवसा नसतो. ओसाड गावाचे तसे नाही. ते काही मागत नाही, मोर्चा काढत नाही, आणि त्याच्या प्राचीन रहिवाशांपैकी एकानेही आजवर कोणत्या कचेरीत अर्ज केल्याची नोंद नाही (आवक-नोंदवही मी स्वतः तपासली आहे). म्हणूनच सुसंस्कृत राष्ट्रे मेलेल्या गावांचे पत्ते शोधतात आणि जिवंत गावे मरेपर्यंत धीराने वाट पाहतात.

प्राचीन नगर स्थाननिश्चिती स्थायी समिती याच उदात्त हेतूने एकतीस वर्षांपूर्वी बीरशेबात स्थापन झाली. मी तिचा नोंदणी-कारकून, एलियाहू झिराडकर, राहणार डिमोना. आमचे आजोबा कोकणातले यहुदी, तिथून इकडे आले. घरात अजून मराठी बोलतात, म्हणून ही हकीकत मराठीत लिहीत आहे. कचेरीत मराठी वाचता येणारे दुसरे कोणी नाही, हा या भाषेचा एक मोठा गुण मला अलीकडे कळला आहे.

समितीकडे एकच काम होते: बेथ-अनूव हे नगर कुठे होते ते ठरवणे. पवित्र ग्रंथात या नगराचा उल्लेख दोनदा येतो. एकदा सहा गावांच्या यादीत ते चौथे आहे. दुसऱ्यांदा कोणा राजाचा जासूद एका विहिरीपासून निघतो, अर्धा दिवस गाढवावर चालतो, बेथ-अनूवला पोचतो, तिथे गाढवाला पाणी पाजतो आणि पुढे निघून जातो. तो तिथे जेवला, कोणाशी बोलला, त्याने वळून पाहिले, असे काहीही नाही. म्हणजे पाहण्यासारखे तिथे त्या काळीही काही नसावे. एवढ्या भक्कम पायावर समितीने एकतीस वर्षांत दोनशे बारा बैठका, सेहेचाळीस शोधनिबंध, तीन परदेश दौरे आणि एक घटस्फोट (तुर्जमान यांचा) उभा केला.

समितीत दोन विद्वान होते. प्रोफेसर झिल्बरमिंट यांचे टेकाड पूर्वेला, प्रोफेसर तुर्जमान यांचे पश्चिमेला. दोन टेकाडांत अकरा किलोमीटरचे अंतर, दोन प्रोफेसरांत त्याहून अधिक. बावीस वर्षे ते एकमेकांशी थेट बोलत नव्हते. "झिराडकर, त्यांना सांगा, खिडकी लावून घ्या," असे झिल्बरमिंट मला सांगत, आणि तुर्जमान खिडकीशेजारी बसून मी ते सांगेपर्यंत थांबत. प्रत्येकाला आपल्या टेकाडात तटबंदी सापडली होती, शत्रूने नगर जाळल्याचा काळा थर सापडला होता, आणि खापरे तर पोत्यांनी सापडली होती. या देशात खापर न सापडणारे टेकाड नाही. सापडलेली खापरे दोघेही आयुष्यभर एकमेकांच्या डोक्यावर फोडत राहिले.

सगळा वाद अखेर गाढवावर येऊन अडला. विहीर कुठली याबद्दल दोघांचे एकमत होते (हे एकमत चुकून झाले असावे, दोघांनाही त्याचा पश्चात्ताप होता). प्रश्न असा, की अर्ध्या दिवसात गाढव किती चालते? झिल्बरमिंट यांचे गाढव ताशी तीन किलोमीटर चाले, कारण त्यांचे टेकाड विहिरीला जवळ होते. तुर्जमान यांचे गाढव ताशी साडेचार चाले, कारण त्यांचे टेकाड लांब होते. गाढवाच्या वेगावर एक उपसमिती नेमली गेली, ओझ्यावर दुसरी. गाढव वाटेत थांबले असता तो काळ प्रवासात धरावा की विश्रांतीत, यावर तिसरी बसली. ती अजून बसलेली आहे.

अखेर वरून आदेश आला की या हंगामात निकाल लावा, नाहीतर समिती बरखास्त करू. विद्वानांना बरखास्तीइतके सत्याच्या जवळ काहीच नेत नाही. दोघांनी (माझ्यामार्फत) ठरवले की खरे गाढव घ्यायचे, विहिरीपासून सोडायचे, अर्धा दिवस चालू द्यायचे, आणि कुठे पोचते ते पाहायचे. मात्र दोघांपैकी कोणीही आपले गाढव आणायचे नाही. गाढव तटस्थ हवे, कोणत्याही विद्यापीठाशी संबंध नसलेले.

असे गाढव अबू हम्मादकडे होते.

अबू हम्माद म्हणजे हम्मादचा बाप. नेगेवच्या वाळवंटात बापाला थोरल्या मुलाच्या नावानेच हाक मारतात. दोन टेकाडांच्या मधोमध एक तिसरे, बुटके टेकाड आहे. ते इतके क्षुल्लक की त्यावर कोणाचाही शोधनिबंध नव्हता. त्याच्या अंगावर अबू हम्मादची वस्ती होती: तीनशे चाळीस माणसे, पत्र्याची घरे, सातशे मेंढ्या. वस्ती नकाशावर नव्हती. नकाशा काढला तेव्हा ती तिथेच होती, पण नकाशा काढणाऱ्यांनी तिच्याकडे लक्ष दिले नाही, आणि नकाशावर नाही म्हणजे ती नाही, असे तेव्हापासून ठरले. डोक्यावरून उच्च दाबाच्या विजेच्या तारा जात, खाली घरांत वीज नव्हती. नसलेल्या गावाला वीज देणे नियमात बसत नाही.

पाणी नाही, वीज नाही, हे अबू हम्मादला सवयीचे होते. त्याला हवी होती एक पाटी. हमरस्त्यावर, फाट्यापाशी, गावाचे नाव लिहिलेली पाटी. त्याचे कारण असे, की रुग्णवाहिका पत्त्यावर येते. वस्तीत कोणी आजारी पडले तर माणसाला उचलून हमरस्त्यावर किलोमीटर एकतीसच्या दगडापाशी न्यायचे, आणि तिथे फोन करून वाट पाहायची. दोन वर्षांपूर्वी हम्मादची बायको रुकय्या त्या दगडापाशीच बाळंत झाली. रुग्णवाहिका एक तास दहा मिनिटांनी आली, कारण ती आधी दुसऱ्या एकतीसच्या दगडापाशी गेली होती. मूल मुलगा होता. तो राहिला नाही. रुकय्याला आता पुन्हा चौथा महिना लागला होता.

पाटीसाठी अबू हम्मादने अकरा अर्ज केले होते. अकराही परत आले होते, म्हणजे आले असावेत. पत्ताच नसल्यामुळे ते त्याच्यापर्यंत पोचले नाहीत.

समिती गाढव बघायला गेली तेव्हा अबू हम्मादने मेंढा कापला. पाहुणा आला की पहिले तीन दिवस त्याला कामाचे विचारायचे नाही, अशी तिकडची रीत आहे. समितीला ही रीत ठाऊक असल्याने तिने मुक्काम बरोबर तीन दिवसांचा ठेवला. त्या तीन दिवसांत दोन प्रोफेसर, मी आणि एक छायाचित्रकार मिळून दोन मेंढे आणि तव्यावरच्या पातळ रोट्यांची चळत संपवली. वेलदोडा घातलेली कडू कॉफी आम्ही किती प्यालो त्याची गणती नाही. पेला हलवला की ओतणे थांबते, हे तुर्जमान यांना चौथ्या दिवशी कोणीतरी सांगितले.

कॉफी ओतता ओतता अबू हम्मादची बायको माझ्याशी बोलली. तिला सगळे उम्म हम्माद, म्हणजे हम्मादची आई, म्हणत. वय सत्तरीच्या पुढे, जीभ पंचविशीतली.

"तुझं नाव काय, बाळा?"

"एलियाहू झिराडकर."

"हे दुसरं कसलं नाव? बापाचं?"

"नाही, गावाचं. झिराड म्हणून गाव आहे, समुद्राकाठी, हिंदुस्थानात. आमच्या लोकांत गावावरून आडनाव लावतात."

"नकाशावर आहे?"

"आहे की."

"मग तिथे तुझं घर असेल."

"नाही. आमच्यापैकी कोणीच नाही तिथे. मी तर पाहिलंही नाही."

तिने पेला भरला आणि नवऱ्याकडे वळली. "ऐकलंस? ह्याने गाव पाहिलं नाही तरी ह्याला गाव आहे. आपण जन्मभर इथून हललो नाही, तर आपल्याला नाही. आपलं चुकलं कुठे माहितीये? आपण इथे राहिलो."

मी हसलो. पाहुण्याने हसायचे असते.

अबू हम्मादने मात्र त्या तीन दिवसांत कामाचे काही न विचारता हवे ते सगळे काढून घेतले. प्रोफेसर जेवताना बोलत (एकमेकांशी नव्हे, माझ्याशी, मोठ्याने), आणि तो ऐके. नगर निश्चित झाले की काय होते, असे त्याने चौथ्या दिवशी निघताना मला एकट्याला गाठून विचारले.

"पाटी लागते," मी म्हणालो. "तपकिरी, मोठी. तीन भाषांत."

"फाट्यावर?"

"फाट्यावरच. आणि डांबरी रस्ता."

"किती दिवसांत?"

"प्राचीन स्थळ असेल तर फार नाही. त्यासाठी वेगळी तरतूद असते."

त्याने दाढी कुरवाळत टेकाडाकडे पाहिले. "भाऊ," तो म्हणाला, "अर्ज करून करून माझी बोटं झिजली. गाव म्हातारं व्हायला हवं होतं, एवढंच ना? सांगायचं मग आधी!"

चाचणी एका मंगळवारी झाली. गाढवाचे नाव सबरा. नियमावली सतरा कलमांची होती, त्यातील महत्त्वाची अशी: ओझे चाळीस किलो (जासूदाचे अंदाजे वजन, राजाचे जासूद तेव्हा सडपातळ असत, असे दोघांनी मान्य केले होते), चालकाने गाढवास हाकू नये, वळवू नये, दटावू नये वा प्रलोभन दाखवू नये, गाढवाने घेतलेली दिशा अंतिम राहील. पहाटे विहिरीपाशी दोन्ही प्रोफेसरांनी गाढवाची तपासणी करून ते निःपक्षपाती असल्याच्या कागदावर सह्या केल्या. गाढवाचा अंगठा घेण्याची सूचना आली होती, ती फेटाळली गेली.

सबरा निघाली. झिल्बरमिंट पूर्वेच्या टेकाडाकडे डोळे लावून चालत होते, तुर्जमान पश्चिमेच्या. सबराने दोन्हींकडे ढुंकून पाहिले नाही. ती नाकासमोर चालत राहिली, एका घळीत उतरली, दुसरीतून वर आली, आणि पाच तास चाळीस मिनिटांनी तिसऱ्या बुटक्या टेकाडावर अबू हम्मादच्या दारातल्या पाण्याच्या डोणीशी येऊन उभी राहिली. मग ती पाणी प्याली.

पाणी पिणे ग्रंथाशी तंतोतंत जुळत होते.

गाढव सोडले की ते आपल्या घरी जाते, ही गोष्ट शेळ्या राखणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. पण समितीत शेळ्या राखणारे कोणी नव्हते. मला ठाऊक होती. डिमोनात आमच्या शेजारी एकाकडे गाढव होते, ते विकले तरी तीनदा परत आले. मी वही उघडली, आणि दिशेपुढे 'स्वयंस्फूर्त' असे लिहिले. कारकुनाने दिसते ते लिहायचे असते, कळते ते नव्हे.

तुर्जमान यांनी अबू हम्मादला विचारले, "याआधी ती या वाटेने आली होती का?"

"जनावर आहे, साहेब," अबू हम्माद डोळ्यांची पापणी न हलवता म्हणाला. "त्याला इतिहास उपजत कळतो. माणसाला शिकावा लागतो."

हे वाक्य पुढे अहवालाच्या मुखपृष्ठावर छापले.

दोन्ही प्रोफेसरांच्या मनात त्या क्षणी काय चालले असेल, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. आपले टेकाड हरले याचे दुःख मोठे होते, पण दुसऱ्याचेही हरले याचा आनंद त्याहून मोठा होता. झिल्बरमिंट यांनी हात पुढे केला. तुर्जमान यांनी तो धरला. बावीस वर्षांनी ते एकमेकांशी बोलले. "खिडकीचा मुद्दा तुमचा बरोबर होता," तुर्जमान म्हणाले.

मग खणती सुरू झाली. खापरे पहिल्या तासातच निघाली. तटबंदी दुसऱ्या दिवशी निघाली (ती मेंढ्यांच्या जुन्या वाड्याची असावी, पण मेंढ्याही शत्रूपासूनच राखायच्या असतात). आठव्या दिवशी उम्म हम्मादच्या चुलाणाशेजारी अठरा सेंटीमीटर जाडीचा काळा थर लागला आणि झिल्बरमिंट गुडघ्यांवर बसले. नगर जाळल्याचा थर! त्यांनी राख चिमटीत धरली. त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, ती माझ्या रोट्यांची—" उम्म हम्माद म्हणू लागली.

"तू गप बस," अबू हम्माद हळूच म्हणाला. "नगर जळू दे. पाटी येऊ दे."

"पण चाळीस वर्षं मीच तर टाकतेय ती राख तिथे!"

"मग आजपासून शत्रूने टाकली. तुझं काय जातंय?"

ती गप बसली. अहवालात त्या थराला 'विध्वंसाचा थर, बहुधा एका दिवसातला' असे नाव मिळाले. राख तपासणीसाठी परदेशी प्रयोगशाळेत पाठवली होती. तिचा निकाल आला तो गोपनीय ठेवण्यात आला, कारण त्यात आलेले साल कोणत्याच राजवटीत बसत नव्हते.

बेथ-अनूव सापडले. पुढच्या अकरा आठवड्यांत त्या टेकाडावर जे घडले ते आधीच्या सत्तर वर्षांत घडले नव्हते. फाट्यापासून डांबरी रस्ता आला. पाण्याची वाहिनी आली. डोक्यावरून जाणाऱ्या तारांतून एक तार खाली उतरली. चाळीस बसगाड्यांचा वाहनतळ, आठ शौचकूप (दोन अपंगांसाठी), मोबाईलचा मनोरा, प्रथमोपचाराची पेटी आणि पिनकोड आला. नगराची प्राचीन लोकसंख्या एकशे ऐंशी धरली होती. मृत लोकसंख्येला दर बावीस माणसांमागे एक शौचकूप, हे प्रमाण जिवंतांना आमच्या जिल्ह्यात अजून कुठेही मिळालेले नाही.

आणि पाटी आली. तपकिरी, तीन भाषांत, बाणासह. ती रोवली त्या दिवशी अबू हम्मादने सगळ्या वस्तीला गोड चहा पाजला. रुकय्याला सातवा महिना होता. तिला त्याने फाट्यापर्यंत चालवत नेले आणि पाटीचा खांब हाताने हलवून दाखवला.

"बघ पोरी, हलतो का? सिमेंटमध्ये आहे. आता तुला दगडापाशी बसावं लागणार नाही."

रुकय्याने खांबाला हात लावला आणि बराच वेळ तो काढला नाही. उद्घाटनाच्या वृत्तान्तात मी 'स्थानिकांनी आनंद व्यक्त केला' असे लिहिले. एकोणीस वर्षांच्या नोकरीतले हे माझे एकमेव खरे वाक्य असेल.

पाटी लागल्यावर नवव्या दिवशी वस्तीला तिच्या इतिहासातले पहिले टपाल आले. आता पत्ता असल्यामुळे ते अचूक पोचले. पोस्टमन म्हणाला, रस्ता छान झाला आहे. पत्रात लिहिले होते की बेथ-अनूव हे संरक्षित प्राचीन स्थळ असून त्याच्या चारशे मीटर परिघात मानवी वास्तव्यास मनाई आहे, सबब तीस दिवसांत जागा मोकळी करावी. खाली शुभेच्छा होत्या.

अबू हम्माद समितीपुढे आला. स्वच्छ झगा, डोक्याला इस्त्रीचा रुमाल, बरोबर हम्माद आणि उम्म हम्माद. उभा राहून त्याने एका दमात सगळे सांगितले.

"साहेब, मी खोटं वागलो. गाढव माझं होतं, ते आपल्या घरी आलं. ती राख माझ्या बायकोच्या रोट्यांची. ती भिंत माझ्या बापाने घातली, त्याला मी दगड दिलेत. हे तुमचं बेथ-अनूव नव्हे. मला शिक्षा करा, कैदेत टाका, पण हा कागद मागे घ्या."

समितीपुढे याआधी कोणी खरे बोलल्याचा दाखला नसल्याने कार्यपद्धती कोणालाच माहीत नव्हती. अखेर झिल्बरमिंट कनवाळूपणे म्हणाले, "अबू हम्माद, तुमची भावना आम्ही समजू शकतो. पण विज्ञान भावनेवर चालत नाही."

"गाढवावर चालतं," अबू हम्माद म्हणाला. "ते मी पाहिलं."

तुर्जमान यांनी नियमावली काढली. साक्ष नोंदवायची तर साक्षीदाराचा पूर्ण पत्ता लागतो. त्यांनी मला खूण केली. मी विचारले, "राहणार?"

"तुला माहीत नाही, भाऊ? माझ्या घरी जेवलास की!"

"नोंदीसाठी विचारतोय."

"मग लिही, राहणार बेथ-अनूव. तुमच्याच पाटीवर आहे."

तुर्जमान यांनी मान हलवली. बेथ-अनूव सत्तावीस शतके निर्जन आहे, हे समितीने एकमताने ठरवले होते. निर्जन नगरात कोणी राहू शकत नाही. तेव्हा एकतर साक्षीदार तिथे राहत नाही, म्हणून त्याला तिथले काही माहीत असणे शक्य नाही. किंवा तो तिथे राहतो, म्हणून तो अतिक्रमक असून त्याची साक्ष हितसंबंधी आहे. दोन्ही बाजूंनी साक्ष अग्राह्य. मला हा युक्तिवाद अजूनही निर्दोष वाटतो.

उम्म हम्माद नवऱ्यामागून निघाली. ती दारापाशी वळली. "तीन दिवस आम्ही तुम्हाला काम विचारलं नाही," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं."

मला लाज वाटली. गाढवाची गोष्ट मलाही ठाऊक होती, आणि माझा पत्ता तर पक्का होता. मी साक्ष दिली असती तर ती ग्राह्य धरावी लागली असती. माझ्या निवृत्तीला चार वर्षे राहिली होती. मी इतिवृत्तात 'चर्चा झाली' असे लिहिले.

तिसाव्या दिवशी यंत्रे आली. नव्या डांबरी रस्त्यामुळे ती फार लवकर पोचली. वस्ती नऊ किलोमीटर दक्षिणेला, दुसऱ्या डोंगरामागे हलली. तिथे रस्ता नाही, पाणी नाही, आणि समितीच्या दृष्टीने तिथे काही प्राचीनही नाही.

एका शुक्रवारी दुपारी पावणेतीनला रुकय्याच्या पोटात कळा सुरू झाल्या. हम्मादने फोन लावला.

"गाव?" फोनवरच्या बाईने विचारले.

त्याने सांगितले. नकाशावर दिसेना. त्याने पुन्हा सांगितले, डोंगर सांगितला, घळ सांगितली. दिसेना. मग तो म्हणाला, "बेथ-अनूव."

"हां, ते पाटीवालं? निघालीच बघा गाडी."

मग हम्मादने बायकोला उघड्या मालवाहू मोटारीत गादीवर निजवले, उम्म हम्माद तिचे डोके मांडीवर घेऊन बसली, आणि नऊ किलोमीटर दगडधोंड्यांतून त्यांनी तिला पत्त्यावर आणले. संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, लागणार म्हणून स्थळ दोन वाजताच बंद झाले होते. बेथ-अनूवच्या वाहनतळावर, बसगाडी क्रमांक सातच्या आखलेल्या चौकोनात, रुकय्या बाळंत झाली. रुग्णवाहिका वेळेवर आली. मुलगी जगली. तिचे नाव थुरय्या ठेवले. अबू हम्मादचा हिशेब चुकला नव्हता: पाटी खरोखरच जीव वाचवते, फक्त तिच्याखाली राहता येत नाही.

जन्मदाखल्यावर जन्मस्थळ बेथ-अनूव असे पडले. राहण्याचे ठिकाण या रकान्यात संगणक काही घेईना, म्हणून तो मोकळा सोडला. सत्तावीस शतकांनी नगरात पहिला जन्म झाला, हे कळताच दोन्ही प्रोफेसरांनी मिळून एक निबंध लिहिला, 'बेथ-अनूव येथील मानवी वास्तव्याचे सातत्य'. त्याला पारितोषिक मिळाले. चौकोन क्रमांक सातपाशी आता एक छोटी तपकिरी पाटी आहे, आणि सहली तिथे थांबून छायाचित्रे काढतात. विनापरवाना वाहन उभे केल्याबद्दल हम्मादला लेखी समज देण्यात आली. ती त्याला पोचली नाही.

ही सगळी हकीकत मी गेल्या महिन्यात डिमोनात आमच्या मंडळींना सांगितली. मंडळींनी मनापासून हळहळून प्रश्न विचारले. शनिवारी उघडे असते का? म्हाताऱ्यांना चढ जमेल का? सबरा अजून तिथेच आहे का, मुलांना तिच्यावर बसवतात का? मी उत्तरे दिली, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी बस ठरवली.

तुम्ही त्यांच्याहून सुज्ञ आहात. तुम्ही हे शेवटपर्यंत वाचलेत, एकदोन जागी तुमचाही गळा दाटला असेल, प्रोफेसरांचा तुम्हाला रागही आला असेल. बेथ-अनूव आता तुम्हाला पाठ झाले. यादीत ते कितवे, तिथले शौचकूप किती, गाढवाचे नाव काय, हे कोणी झोपेतून उठवून विचारले तरी तुम्ही सांगाल. ज्या जागी तीनशे चाळीस माणसे राहत होती तिला मी नुसती 'वस्ती' म्हणत गेलो. तिला नाव होते. अबू हम्मादने ते अकरा अर्जांत लिहिले होते, हम्मादने फोनवर दोनदा सांगितले होते. ते काय, असे तुमच्या एकदाही मनात आले नाही. आता विचारण्यातही अर्थ नाही. तिला ओसाड पडून अजून दोन वर्षेही झालेली नाहीत, आणि इतक्या ताज्या गावाची चौकशी समितीच्या नियमात बसत नाही.